टू-स्ट्रोक इंजिनाचा श्वास : फवारणी पंपातील क्रँकच्या ऑइल सीलची गळती, निदान आणि दुरुस्ती

स्मरणिकेत बहुधा आठवणी आणि ऋणनिर्देश असतात, आणि ते उचितच आहे. तथापि आपल्या वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेल्या आणि आज तेथे राहणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांची घरे नांदेड व लातूर जिल्ह्यांतील अल्पभूधारक शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची आहेत. त्या घरांच्या ओसरीत एक यंत्र आता हमखास दिसते. ते म्हणजे पाठीवर घेऊन चालवायचा पेट्रोलचा फवारणी पंप. सोयाबीन, कापूस, तूर आणि पुढे हरभरा, असे वर्षभराचे फवारणीचे काम त्यावर चालते. कित्येक घरांत तर तो पंप म्हणजेच रोजगाराचे साधन असतो. या यंत्रातील एका लहानशा रबरी भागाविषयी, त्याच्या बिघाडाविषयी आणि दुरुस्तीविषयी या लेखात सविस्तर लिहावयाचे योजिले आहे.

काही वर्षांपूर्वी, ऐन फवारणीच्या दिवसांत, गावाकडील एक गृहस्थ आपला पंप घेऊन माझ्याकडे आले. ते रोजाने इतरांच्या शेतात फवारणी करीत. पंप सुरू होई, परंतु थोडा तापला की रेस आपोआप चढे आणि खटका सोडला तरी खाली येत नसे. एका ठिकाणी त्यांना कार्ब्युरेटर बदलून मिळाला. चार दिवस बरे गेले आणि मग इंजिन जाम झाले. दुसऱ्या ठिकाणी पिस्टन, रिंग आणि ब्लॉक नवे बसवले गेले. आठ-दहा दिवसांत नवा पिस्टनही ओरखडला. हंगामातील रोज बुडाला, आणि दुरुस्तीचा खर्च नव्या पंपाच्या किमतीच्या जवळ जाऊन पोहोचला. इंजिन खोलून पाहिले तेव्हा मूळ दोष क्रँकच्या मॅग्नेटकडील ऑइल सीलमध्ये सापडला. सीलचे रबर वाळून टणक झाले होते आणि त्याला बारीक चीर पडली होती. त्या सीलची किंमत दोन माणसांच्या चहा-नाश्त्याएवढी होती.

दुरुस्ती करणाऱ्यांनी फसवणूक केली, असे मी म्हणणार नाही. कार्ब्युरेटर खराब दिसत होता आणि पिस्टन खरोखरच गेला होता. त्यांनी दिसले ते दुरुस्त केले. पिस्टन का गेला, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. लक्षणालाच कारण समजले की गरीब माणसाचा पैसा कसा वाया जातो, याचे हे साधे उदाहरण आहे.

इंजिन श्वास कसे घेते

मोटारसायकलीच्या आजच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या पेटीत केवळ वंगणाचे तेल असते. तेथील सील गळले तर तेलाचे थेंब खाली पडतात, पातळी कमी होते आणि दोष डोळ्यांना दिसतो. टू-स्ट्रोक इंजिनाची रचना याहून भिन्न आहे. त्यात क्रँकची पेटी हीच हवा ओढण्याचा आणि ढकलण्याचा भाता असते. पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्या खालील पेटीत पोकळी निर्माण होते व कार्ब्युरेटरमधून पेट्रोल, टू-टी ऑइल आणि हवा यांचे मिश्रण आत ओढले जाते. पिस्टन खाली येतो तेव्हा तेच मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या वाटांनी पिस्टनच्या वर चढते आणि तेथे जळते. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल, तर पेटीत सेकंदाला शंभर वेळा पोकळी आणि शंभर वेळा दाब निर्माण होतो. हा इंजिनाचा श्वासोच्छ्वास होय.

क्रँकची दोन्ही टोके पेटीबाहेर निघालेली असतात. एका टोकावर मॅग्नेट बसते, तर दुसऱ्या टोकाकडे दोरी ओढून इंजिन सुरू करण्याची यंत्रणा असते. फिरणारा दांडा बाहेर आला पाहिजे आणि हवा मात्र आत-बाहेर होता कामा नये, ही दुहेरी जबाबदारी दोन ऑइल सील पार पाडतात. ऑइल सील म्हणजे रबर चढवलेले लोखंडी कडे. त्याच्या आतील बाजूस रबराचा पातळ ओठ असतो आणि तो दांड्याला चिकटून राहावा म्हणून त्यामागे बारीक तारेची गोल स्प्रिंग असते. नाव ऑइल सील असले तरी टू-स्ट्रोक इंजिनात त्याचे मुख्य काम हवा रोखण्याचे असते. दोष ओळखण्यात चूक होते ती बहुधा येथेच. माणूस तेलाचा डाग शोधतो, आणि गळत असते हवा.

गळतीचा परिणाम

मॅग्नेटकडील सील सैल झाले की पोकळी निर्माण होताच तेथून बाहेरची हवा आत शिरते. ही हवा कार्ब्युरेटरमधून आलेली नसल्यामुळे तिच्यासोबत पेट्रोल येत नाही, आणि पेट्रोल कमी म्हणजे त्यात मिसळलेले ऑइलही कमी. मिश्रण पातळ होते, इंजिन अधिक तापते आणि ज्या वेळी वंगणाची सर्वांत जास्त गरज असते त्याच वेळी ते अपुरे पडते. पिस्टन फुगून ब्लॉकला घासतो आणि शेवटी जाम होतो. उपर्युक्त गृहस्थांचे दोन पिस्टन याच मार्गाने गेले.

आपल्या पिढीला हाच दोष चेतक स्कूटरवर दुसऱ्या रूपात आठवेल. मराठवाड्याच्या रस्त्यांवर दीर्घकाळ धावलेल्या त्या टू-स्ट्रोक स्कूटरमध्ये क्रँकच्या एका बाजूस क्लच आणि गिअरबॉक्स असे. त्या बाजूचे सील गेले की बाहेरच्या हवेऐवजी गिअरचे ऑइल आत ओढले जाई. सायलेन्सरमधून दाट पांढरा-निळसर धूर निघे, प्लग वारंवार काळा व तेलकट होई आणि गिअर ऑइल गळती न दिसताही कमी होत जाई. दोन्ही बाजूंनी मूळ दोष एकच, परंतु सीलपलीकडे काय आहे त्यावर लक्षण ठरते. बाहेर हवा असेल तर इंजिन कोरडे पडते; बाहेर तेल असेल तर ते धूर सोडते. हिमप्रदेशांत बर्फावरून धावणाऱ्या टू-स्ट्रोक वाहनांच्या इंजिनातही याच सीलमुळे असाच बिघाड होतो.

लक्षणे कोणती

पुढील लक्षणांपैकी दोन-तीन एकत्र दिसली तर सीलचा संशय घ्यावा. थंड इंजिन बरे चालते, परंतु तापल्यावर बंद केले तर पुन्हा सुरू होण्यास त्रास देते. रेस आपोआप चढते अथवा सोडल्यावर खाली येण्यास वेळ लागतो. कार्ब्युरेटरचा स्क्रू आज जुळवला तर उद्या बिघडतो. चोक थोडा ओढला की इंजिन उलट चांगले चालते, कारण चोकमुळे हवा घटून पेट्रोलचे प्रमाण वाढते. प्लगचे टोक विटकरी-तपकिरी न राहता पांढुरके दिसते. मॅग्नेट काढल्यावर त्यामागे ओलसर, तेलकट आणि धूळ चिकटलेला थर दिसतो.

रेस आपोआप चढत असेल तर इंजिन तसेच चालवत राहू नये. आणखी एक टाकी मारून घेऊ, या विचारानेच पिस्टन जातो.

निदानाचा क्रम

ही लक्षणे इतर दोषांतही दिसतात; म्हणून आधी सोप्या व बिनखर्चाच्या गोष्टी तपासाव्यात. रेसची केबल अडकते का, ते प्रथम पाहावे. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणातील हवेचे बारीक छिद्र बंद असेल तर पेट्रोल पुरेसे उतरत नाही. गाळणी अथवा कार्ब्युरेटरचे जेट कचऱ्याने भरले असेल तरीही मिश्रण पातळच होते. कार्ब्युरेटर आणि ब्लॉक यांमधील पॅकिंग फाटले असेल किंवा तेथील बोल्ट ढिले असतील तर हवा तेथूनही शिरते. ब्लॉकच्या बुडाचे पॅकिंगही असाच दगा देते. हे सर्व पाहून झाल्यावरच सीलकडे वळावे.

चालू इंजिनावर पेट्रोल शिंपडून रेस बदलते का, हे पाहण्याची पद्धत काही ठिकाणी रूढ आहे. तापलेल्या सायलेन्सरशेजारी पेट्रोल शिंपडणे म्हणजे आगीला निमंत्रण देणे होय. ही पद्धत कोणीही वापरू नये.

दाबाची आणि पोकळीची परीक्षा

खात्रीची परीक्षा बंद व थंड इंजिनावर होते. कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी पंपाची औषधाची टाकी, नळी आणि बाहेरील भाग साबणाच्या पाण्याने धुऊन काढावेत आणि हातमोजे घालावेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. औषधाचा अंश यंत्रावरही राहतो, आणि दुरुस्ती करणाऱ्याच्या कातडीला तो सोडत नाही.

त्यानंतर पेट्रोल काढून घ्यावे व कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर उतरवावेत. सायलेन्सरच्या जागी जुन्या ट्यूबचा रबरी तुकडा ठेवून त्यावर लोखंडी पट्टी बोल्टने आवळावी. कार्ब्युरेटरच्या जागीही तसेच करावे, परंतु तेथील पट्टीत एक लहान नळी बसवावी. प्लग आपल्या जागी घट्ट असावा. पिस्टन वरच्या बाजूस आणून ठेवावा, म्हणजे बहुतेक लहान इंजिनांत हवा आत जाण्याची वाट मोकळी राहते.

हवा भरण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. रक्तदाब मोजण्याच्या जुन्या, वापरातून काढलेल्या यंत्राचा रबरी फुगा आणि काट्याची तबकडी या कामी उत्तम ठरतात. काटा २५० पर्यंत चढवावा. हा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे एक-तृतीयांश किलोग्रॅम भरतो. परीक्षेला तो पुरेसा आहे आणि सील उखडण्याइतका अधिकही नाही. इंजिन निर्दोष असेल तर काटा अर्धा-एक मिनिट जवळजवळ जागीच राहतो. तो भरभर उतरला तर सर्व सांध्यांवर साबणाचे पाणी सोडावे. बुडबुडे प्रथम आपणच लावलेल्या पट्ट्यांच्या कडेने येत नाहीत ना, याची खात्री करावी. मग ब्लॉकचे बूड, पेटीचा जोड आणि क्रँकची दोन्ही टोके पाहावीत. मॅग्नेटमागून बुडबुडे आले की शोध संपला.

क्वचित असे होते की दाब टिकतो, पण इंजिनाचे वागणे सुधारत नाही. याचे कारण सीलच्या घडणीत आहे. सीलच्या ओठाची स्प्रिंगची बाजू आत असते. आतून दाब आला की ओठ दांड्यावर अधिक घट्ट बसतो. पोकळी झाली की तोच ओठ दांड्यापासून सुटू पाहतो. म्हणून पोकळीची परीक्षाही घ्यावी. पन्नास मिलीलिटरची सुई नसलेली मोठी सिरिंज नळीला जोडून दट्ट्या ओढावा, दहा सेकंद धरून ठेवावा आणि सोडावा. तो जवळपास मूळ जागी परत गेला तर पेटी हवाबंद आहे. ओढलेल्या जागीच राहिला तर तेवढ्या वेळात बाहेरची हवा आत शिरली, असे समजावे. नळीने तोंडाने ओढण्याचा प्रयत्न कदापि करू नये. आत पेट्रोलची वाफ असते.

सील बदलण्याची रीत

दोरीची यंत्रणा आणि बाहेरचे झाकण काढल्यावर मॅग्नेटचा नट उघडावा लागतो. क्रँक फिरू नये म्हणून पिस्टनवर अथवा पंख्याच्या पात्यांत पेचकस अडकवण्याची सवय वाईट आहे. पाती तुटतात, पिस्टनला भोक पडते. त्याऐवजी पिस्टन वर चढत असताना आणि धूर जाण्याची वाट त्याने झाकलेली असताना प्लगच्या भोकातून स्वच्छ सुती दोरी आत सारावी व तिचे टोक बाहेर ठेवावे. पिस्टन दोरीवर टेकून थांबतो. नट काढल्यावर मॅग्नेट पुलरनेच ओढावे. क्रँकच्या टोकावर हातोडा मारला तर क्रँक वाकडा होतो, आणि वाकडा क्रँक नवे सील थोड्याच दिवसांत खातो. दांड्यावरील लहान चावी जपून ठेवावी.

जुने सील काढताना दांड्याला ओरखडा पडता कामा नये. सीलच्या लोखंडी भागात एक बारीक स्क्रू थोडासा बसवून तो पकडीने सरळ ओढला की सील बाहेर येते. त्यापूर्वी ते किती खोल बसले होते, हे पाहून ठेवावे. सीलवर तीन आकडे छापलेले असतात. आतील व्यास, बाहेरील व्यास आणि जाडी, असा त्यांचा क्रम असतो. दुकानात पंपाच्या नावापेक्षा हे आकडे सांगणे अधिक खात्रीचे. आकडे पुसले गेले असतील तर जुने सील सोबत न्यावे. पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या प्रकारच्या काही रबरांना ते मानवत नाही. त्यामुळे इथेनॉल सोसणारे, चांगल्या प्रतीचे सील घेण्यात थोडे पैसे अधिक गेले तरी हित आहे.

नवे सील बसवण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. दांड्यावरून नख फिरवावे. जुन्या ओठाने खाच पाडली असेल तर नवे सील किंचित कमी-जास्त खोल बसवून ओठ कोऱ्या जागेवर येऊ द्यावा. दुसरे, क्रँक हाताने वर-खाली हलवून पाहावा. तो हलत असेल तर बेअरिंग झिजले आहे. झिजलेल्या बेअरिंगवर नवे सील बसवणे म्हणजे पुन्हा लक्षणावरच उपचार करणे होय. बेअरिंगसाठी इंजिन पूर्ण खोलावे लागते. ते काम जाणत्या कारागिराकडे द्यावे. काही रचनांत सीलच आतून बसवलेले असते. तेथेही हेच लागू आहे.

बसवताना ओठाला टू-टी ऑइलचा हात द्यावा. चावीच्या खाचेवर पातळ चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे खाचेच्या धारेने नवा ओठ कापला जात नाही. स्प्रिंगची बाजू आत, पेटीकडे असावी. सीलच्या बाहेरील कडेएवढ्या व्यासाचा सपाट तोंडाचा पाइप त्यावर ठेवून हलक्या हाताने ठोकत सील सरळ बसवावे. एका कडेवर ठोकल्यास ते तिरके होते. एका बाजूचे सील वयाने गेले असेल तर दुसरेही त्याच वयाचे आहे, म्हणून दोन्ही बदलावीत. बाहेरून एम-सील अथवा चिकट द्रव्य लावून गळती बुजवण्याचा प्रयत्न निरर्थक आहे. फिरणाऱ्या दांड्यावर काहीही चिकटून राहत नाही.

यानंतर दाबाची व पोकळीची परीक्षा पुन्हा घ्यावी आणि मगच सर्व भाग नव्या पॅकिंगसह जोडावेत. आत सारलेली दोरी काढल्याची खात्री करावी. गळतीच्या काळात कोणी कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवला असेल तर तो मूळ जागी आणून नव्याने जुळवावा.

सील लवकर का जाते

आपल्याकडे पंप काही महिने अखंड राबतो आणि काही महिने कोपऱ्यात पडून राहतो. त्या पडीक काळात आत राहिलेले पेट्रोल उडून जाते, ओठ कोरडा पडतो आणि उन्हाळ्याच्या उष्णतेत रबर टणक होते. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करावी, इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालवावे, प्लग काढून चमचाभर टू-टी ऑइल आत सोडावे आणि दोरी हळूहळू तीन-चार वेळा ओढावी. महिन्यातून एकदा दोरी ओढत राहिले तर ओठ एकाच जागी चिकटत नाही.

दुसरे कारण ऑइलची काटकसर. पुस्तिकेत सांगितलेले प्रमाण पाळावे. अनेक पंपांसाठी ते २५ भाग पेट्रोलला १ भाग ऑइल, म्हणजे लिटरला ४० मिलीलिटर असते. अंदाजाने धार सोडण्याऐवजी औषधाच्या बाटलीसोबत येणारे कोरे मापी झाकण या एकाच कामासाठी राखून ठेवावे. तिसरे कारण धूळ. मॅग्नेटमागे साचलेली माती ओठाखाली शिरते आणि कानसेसारखी घासत राहते. वर्षातून एकदा झाकण काढून ती साफ करावी.

समारोप

पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. त्याला बाबासाहेबांनी मिलिंद राजाचे नाव दिले, हे आपण सर्व जाणतो. मिलिंद आणि भदन्त नागसेन यांच्या संवादात रथाचा प्रसिद्ध दृष्टान्त येतो. आस म्हणजे रथ नव्हे, चाक म्हणजे रथ नव्हे. भागांच्या परस्परसंबंधाला रथ हे नाव मिळते. इंजिन खोलून बसलेल्या माणसाला हा दृष्टान्त तत्काळ पटतो. बोटाच्या पेराएवढे सील पिस्टनला स्पर्शही करत नाही, तरी पिस्टन त्याच्यामुळे जळतो. कारण एका ठिकाणी असते आणि परिणाम दुसऱ्या ठिकाणी दिसतो.

त्या गृहस्थांचा पंप दोन्ही सील बदलल्यानंतर उरलेला हंगाम चालला, आणि त्यापुढील हंगामही. पुढील उन्हाळ्यात त्यांच्या दहावीतील मुलाने तो स्वतः खोलून साफ केला. सिरिंज लावून परीक्षा घेतली आणि दट्ट्या परत गेल्याचे वडिलांना दाखवले. शाळेत मुलांना विचार करायला शिकवले जाते, ते केवळ परीक्षेच्या कागदापुरते राहू नये, असे मला मनापासून वाटते. एका सुट्टीत माजी विद्यार्थ्यांपैकी हे काम जाणणाऱ्यांनी वसतिगृहात जुने इंजिन आणून मुलांसमोर खोलावे. वडिलांच्या पाठीवरचे यंत्र का बंद पडते, हे ज्या मुलाला कळेल, त्याच्या घरचा हंगामातील रोज निदान या एका कारणाने बुडणार नाही.